आवाज ग्रंथालयात आणताना

आमच्या विद्यापीठाच्या मराठी विभागाने सत्तरच्या दशकापासून गावोगाव फिरून ध्वनिमुद्रणं केली होती. जात्यावरच्या ओव्या, गोंधळ, वाघ्या-मुरळी, पोवाडे. पुढे व्हिडिओ कॅसेटवर उतरवलेले तमाशाचे वग आणि जुन्या प्राध्यापकांच्या मुलाखती. हा सगळा ऐवज लोखंडी कपाटांत होता. विभागाची इमारत दुरुस्तीला निघाली, कपाटं ग्रंथालयात आली आणि त्यांचं पुढे काय करायचं हे काम माझ्याकडे आलं. मी तांत्रिक विभाग सांभाळते. तोवर आमच्याकडे ‘डिजिटल’ म्हणजे प्रबंधांच्या पीडीएफ तयार करून शोधगंगेवर, म्हणजे देशभरच्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढवणं, एवढंच.

या फिती संगणकावर उतरवायचं ठरलं. सगळ्यांना वाटलं, आधी सर्व्हर घ्यावा. मी अडून बसले की आधी वाजवायची यंत्रं हवीत. 2019 मध्ये युनेस्को आणि ध्वनी-दृक् संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जगभरच्या संस्थांना सावध केलं होतं, ते याचसाठी. फिती एकवेळ टिकतील, पण त्या वाजवणारी यंत्रं, सुटे भाग आणि दुरुस्त करणारी माणसं 2025 च्या आसपास मिळेनाशी होतील, असा तो इशारा होता. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने तर जुलै 2016 मध्येच उत्पादन थांबवलं. सर्व्हर पुढच्या वर्षीही मिळतो, चांगला कॅसेट डेक मिळेलच असं नाही.

पण जुनं यंत्र खरेदीच्या नियमात कुठे बसवायचं? दरपत्रकं मागवायची तर वस्तू बाजारात नवी मिळायला हवी. शेवटी विभागाचेच बंद पडलेले डेक देखभाल-दुरुस्तीच्या खर्चातून चालू करून घेतले. गावातल्या एका वयस्कर रेडिओ मेकॅनिकने बेल्ट बदलले, मोटारीचा वेग जुळवून दिला. या प्रकल्पात सर्वांत मोलाचं काम कोणी केलं असं कोणी विचारलं, तर मी आधी त्यांचं नाव घेईन.

कॅसेट घेतली, लावली, वाजवली, असं होत नाही. पावसाळी हवेने काहींवर पांढरी बुरशी धरली होती. त्या वेगळ्या खोलीत, मास्क लावूनच साफ केल्या. कॅसेटच्या तोंडाशी, फीत हेडवर टेकवणारा एक नमद्याचा इवलासा तुकडा असतो. तो गळून पडला की आवाज दबका आणि हेलकावत येतो. स्क्रू असलेलं कवच असेल तर ते उघडून फीत नव्या कवचात घालायची. वर्षानुवर्षं एका जागी पडून पदर एकमेकांना चिकटतात, म्हणून वाजवण्याआधी फीत एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्यायची. प्रत्येक कॅसेटनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. मग त्याचा कोन बारीक पेचकसाने, कान लावून, ‘स’ आणि ‘ट’ स्पष्ट ऐकू येईपर्यंत जुळवायचा. हे संगणक करून देत नाही.

मूळ प्रत 96 किलोहर्ट्झ, 24 बिट, वेव्ह, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या स्वरूपात ठेवायची असं ठरवलं. तासाभराच्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणाला जवळपास 2 जीबी जागा लागते, त्यामुळे लेखा विभागाच्या कपाळावर आठी पडली. ऐकण्यासाठी वेगळी, हलकी एमपी3 प्रत काढली. आमच्या तरुण तंत्रज्ञाने ओव्यांमधली घरघर काढून आवाज स्वच्छ करून देतो म्हणून सुचवलं. त्याची कळकळ खरी होती. मी त्याला हेडफोन लावून पुन्हा ऐकायला बसवलं. जातं जड गेलं की ओवी लांबते, दाणे सरले की खुंट्यावरचा हात आणि गळा एकदमच हलके होतात. घरघर काढली तर ओवीची लयच निघून जाईल. मूळ प्रतीला कोणीही हात लावायचा नाही, हा नियम त्या दिवसापासून झाला.

डिजिटल संग्रह साठवून लोकांना शोधता येईल असा मांडणारं सॉफ्टवेअर म्हणून डीस्पेस घेतलं. अमेरिकेतल्या एमआयटीचं ग्रंथालय आणि एचपी कंपनी यांनी 2002 मध्ये ते सर्वांसाठी खुलं केलं. शोधगंगाही त्यावरच उभी आहे, त्यामुळे आमच्या लोकांना ते अनोळखी नव्हतं. खरा वेळ शोधाने खाल्ला. ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द टाकला की निम्म्याच नोंदी सापडत. पडद्यावर सगळीकडे अक्षर एकच दिसायचं. पण काही टंकलेखकांनी त्यातला ऱ्य साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह देऊन काढला होता, तर काहींनी मराठीसाठी असलेला स्वतंत्र ‘ऱ’ वापरला होता. संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. शोधयंत्रणेत दोन्ही रूपं एक धरण्याची सोय करून घेतली, तेव्हा ‘वाऱ्या’पासून ‘दऱ्या’पर्यंत सगळं सापडू लागलं. मराठी संग्रह उभारणाऱ्यांनी हे पहिल्या आठवड्यातच तपासावं.

आणि मग नोंदी. कॅसेटवर लिहिलेलं असे ‘ओव्या, बाजू अ’, फार तर तालुक्याचं नाव. गाणारी कोण, कुठली, कधी गायली? हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या आज पारीच्या, म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळाच्या, माध्यमातून लोकांसमोर येतात, आणि तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव असतं. तीच पातळी आम्हाला गाठायची होती. निवृत्त झालेल्या बाई, ज्यांनी यातलं बरंच ध्वनिमुद्रण स्वतः केलं होतं, रोज सकाळी येऊन ऐकत बसू लागल्या. त्यांना वाडा आठवे, ओटा आठवे, नावं मात्र नेहमी आठवत नसत. म्हणून आम्ही लॅपटॉप घेऊन त्या गावांत गेलो.

एका आजींनी दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाल्या, “ही आमची थोरली जाऊ. कृष्णाबाई.” नाव लिहून घेतलं. पुढची ओवी लागली तशा त्या गप्प झाल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, “पोरी, ही तेवढी गावात लावू नको. सासऱ्याला बोललीय ती यात. त्यांची नातवंडं आहेत अजून.”

कॉपीराइट कायद्यात 2012 मध्ये झालेल्या दुरुस्तीने, व्यापारी हेतू नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या प्रतीची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायला मुभा दिली आहे. पण जतन करणं वेगळं आणि जगाला ऐकवणं वेगळं. सादर करणाऱ्याचा हक्क कायद्याने 50 वर्षं राहतो. आजींची हरकत मात्र त्या 50 वर्षांत मोजण्यासारखी नव्हती. पहाटे जात्याशी बसून बाईने जे सांगितलं ते ऐकणारीला सांगितलं होतं, इंटरनेटला नाही. ध्वनिमुद्रणाच्या वेळी इंटरनेट हा विषयच नव्हता, तेव्हा त्या परवानगीत तो गृहीत धरणं मला पटत नाही.

त्यामुळे आम्ही तीन दर्जे केले. घरच्यांची लेखी संमती मिळाली ते सर्वांसाठी खुलं. संमती मिळायची आहे ते फक्त विद्यापीठाच्या आवारात. आणि नको म्हटलं आहे ते कोणालाच नाही; त्याची नोंद दिसते, फाइल उघडत नाही. डीस्पेसमध्ये प्रत्येक फाइलला असं वेगळं बंधन घालता येतं. संकेतस्थळावर निम्मं कुलूपबंद कशाला, असं बैठकीत विचारलं गेलं. मी आजींचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं आणि तो ठराव मंजूर झाला.

ध्वनीचा पहिला टप्पा आता सुरू आहे. मूळ प्रतींच्या आणखी दोन प्रती आहेत, त्यातली एक दुसऱ्या शहरात, आणि फाइल बिघडलेली नाही ना हे सांगणाऱ्या आकड्याची, म्हणजे चेकसमची, पडताळणी ठरावीक काळाने आपोआप होते. व्हिडिओ कॅसेट अजून कपाटात आहेत. चालू स्थितीतला एकच व्हीसीआर आहे, म्हणून वगांची क्रमवारी आम्ही कलावंतांच्या वयावरून लावली आहे. ज्यांना विचारायला अजून जाता येईल, त्यांचे वग आधी.