चुकीच्या हाकेला ओ

मंगळवार, रात्री साडेदहा

संध्याकाळी निळ्या दिव्याखाली प्लेट धरली आणि पोटात गोळा आला. जिवाणूंची जी रेघ काळीच राहायला हवी होती, ती हिरवी चमकत होती. शेजारच्या रेघेजवळचं टोक लख्ख, लांब जाईल तसं फिकं.

ई. कोलाय जिवाणूच्या दोन स्ट्रेनमध्ये (वाणांमध्ये) मला रेणूंच्या संदेशांची दोन वेगळी, एकमेकांत न मिसळणारी बोलणी चालवायची आहेत. पहिली जोडी लक्स, व्हिब्रिओ फिशेरीची. हवाईजवळच्या बॉबटेल स्क्विडच्या अंगात हे जिवाणू दाटीवाटीने राहतात आणि पुरेशी गर्दी झाली की उजळतात. लक्सआय संदेशाचा रेणू बनवतं, लक्सआर तो धरून जनुकं चालू करतं. दुसरी जोडी मी लास घेतली, स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूची. दोन्ही रेणूंचं डोकं एकच, लॅक्टोनचं वलय. शेपटी एकाची सहा कार्बनची, दुसऱ्याची बारा. एवढा फरक मला पुरेसा वाटला होता. लक्सआरला वाटला नाही. लासच्या हाकेलाही त्याने ओ दिली.

मॅडमना दाखवलं. म्हणाल्या, "अगं, रेणूचं सोड, लासआर लक्सच्या प्रोमोटरवरही, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावरही बसतं. एका पेशीत दोन्ही घातलीस की आणखी गोंधळ." खरंच, हे मी आधीच बघायला हवं होतं.

शिवाय ई. कोलायचं स्वतःचं एसडीआयए, लक्सआरसारखं प्रथिन, आहेच. असे रेणू त्याला ऐकू येतात, पण ते बनवणारं जनुक ई. कोलायकडे नाही. नुसतं दुसऱ्यांचं बोलणं ऐकायचं! कितीदा वाचलं तरी मला याचं अप्रूप वाटतं.

स्यूडोमोनासच्याच दुसऱ्या जोडीचा, आरएचएलचा विचार केला, पण त्याची शेपटी चारच कार्बनची. एलबी या पोषक द्रवात जिवाणूंचं कल्चर वाढतं तसा पीएच आठच्या वर सरकतो, वलय उघडतं आणि हाक विरून जाते. आखूड शेपटीचे रेणू आधी जातात. बफर घालता येईल, तरी मन घेत नाही.

मन आरपीएवर गेलंय. रोडोस्यूडोमोनास पॅलस्ट्रिस या जिवाणूची ही जोडी. हिच्या रेणूला मेदाम्लाची शेपटीच नाही, वनस्पतींतल्या पी-कुमारिक आम्लापासून तो बनतो. म्हणजे आम्ल मी घालेन तेव्हाच बोलणं सुरू. लक्सआर यालाही फसेल का, हे आधी तपासायचं, मगच पुढचं क्लोनिंग.

जनुकं पेशीत नेणाऱ्या डीएनएच्या कड्याचा, प्लास्मिडचा, नकाशा पुन्हा काढून झाला, लास खोडलं. प्लेट फ्रीजमध्ये ठेवली आहे. सकाळी पट्टी लावून मोजते, हिरवा रंग किती मिलिमीटरपर्यंत पोचलाय.