आठ मिनिटांची कॉफी

ऐरोलीच्या आयटी पार्कात अकराच्या आसपास कॉफीला खरी गर्दी. ट्रान्स हार्बर लोकलने आलेले लोक दहापर्यंत जागेवर बसतात, पहिली मीटिंग उरकतात आणि सगळे एकदमच खाली उतरतात. तिथल्या तळमजल्यावरच्या एका काउंटरसाठी आम्ही ऑर्डरचं ॲप बनवलं. ते सुरू झालं तो सोमवार मी मशीनच्या शेजारी उभं राहून पाहिला.

ॲपच्या बाजूने सगळं चोख होतं. कालचीच ऑर्डर परत द्यायची तर दोन टॅप आणि यूपीआयचा पिन. एकही बटण 48 डीपीपेक्षा (स्क्रीनवर साधारण 9 मिलिमीटर) लहान नाही, म्हणजे लॅपटॉप काखेत धरून अंगठ्यानेही ऑर्डर जाते. नेमकं हेच नडलं. 10:55 ते 11:05 या वेळात 34 ऑर्डरी आल्या आणि प्रत्येकाला ॲपने तेच सांगितलं: 8 मिनिटं.

हा आठाचा आकडा आम्ही दुपारी तीन वाजता, रिकाम्या काउंटरवर मोजला होता.

मशीन दोन ग्रुपचं, म्हणजे कॉफी काढायची दोन तोंडं असलेलं. 18 ग्रॅम पूड, 25 ते 30 सेकंदांत शॉट, म्हणजे कपातली मूळ कडक कॉफी. दोन शॉट एकाच वेळी निघतात, पण अडतं दुधापाशी. दूध 60-65 अंशांपर्यंत फेसाळायचं, ओतायचं, स्टीमची नळी पुसून वाफ सोडायची, हँडल ठोकून चोथा काढायचा. एका माणसाच्या हातून कॅपुचिनोला सव्वा मिनिट जातं. म्हणजे पाच मिनिटांत चार कप. गेटवरचा टपरीवाला एका किटलीतून आठ ग्लास भरतो, इथे प्रत्येक कप वेगळा. शेवटचा कप गेला तेव्हा 11:40 वाजून गेले होते.

त्यात काही कप तयार होऊन तसेच पडून होते. काउंटरवरच्या टॅबलेटवर 'तयार' हे बटण दाबल्याशिवाय ग्राहकाला सूचना जात नाही, आणि ते कोणी दाबतच नव्हतं. मशीनवरच्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, "सर, हात ओले असतात. स्क्रीन घेतच नाही." बरोबरच होतं. बोटावर पाणी असलं की टचस्क्रीनला बोट कुठे आहे ते नीट कळत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही टॅबलेटला साधा नंबर पॅड जोडला, वर प्लास्टिकचं कव्हर. टोकन, म्हणजे ऑर्डरचा नंबर टाका, एंटर दाबा. टॅबलेटच्या त्या सुंदर स्क्रीनवर आमचा आठवडा गेला होता, तो गेलाच.

कपावरच्या स्टिकरवर नाव मोठं आणि टोकन बारीक छापलेलं. अकरा वाजता काउंटरवर तीन अमोल उभे होते. आता टोकन मोठं, नाव त्याखाली.

पैशांचा गोंधळ वेगळाच. बँकेतून पैसे गेले, पण ॲपमध्ये 'पेंडिंग'. माणूस घाबरून पुन्हा पैसे भरतो, एकाच माणसाच्या दोन कॉफ्या लागतात. यूपीआय ॲपवरून परत येताना फोनने आपलं ॲप बंद केलेलं असलं, तर हे हमखास होतं. त्यावर उपाय असा केला, की ऑर्डर क्रमांक पैसे भरण्याआधीच तयार होतो, पेमेंट झालं की नाही यासाठी फोनवर न विसंबता आमचा सर्व्हर स्वतः विचारून घेतो, आणि उत्तर येईपर्यंत 'पैसे भरा' हे बटण बंद राहतं. तोवर त्या ऑर्डरची रांगेतली जागा तीन मिनिटं राखून ठेवतो, मग सोडतो.

मुख्य दुरुस्ती वेळेची. 'इतक्या मिनिटांत मिळेल' हे काढून पाच-पाच मिनिटांचे स्लॉट केले. दोन कॅपुचिनोंचं दूध एकाच जगमध्ये फेसाळलं, तर स्लॉटमध्ये सहा कप बसतात. म्हणून ॲप एकसारख्या ऑर्डरी लागून लावतं. सहापैकी चार कप ॲपला, दोन समोर रांगेत उभ्या असलेल्यांना. हे दोन राखले नाहीत तर रांगेतला माणूस भांडतो, आणि त्याचं चुकत नाही. स्लॉट मोजताना काळी कॉफी अर्धा कप धरायची, कोल्ड कॉफी दीड, कारण मिक्सर एकच आणि तो दर वेळी धुवावा लागतो. 11:00 च्या आसपासचे स्लॉट भरले की ॲप 10:50 आणि 11:10 दाखवतं. बरेच जण मुकाट्याने 10:50 घेतात.

सूचनेचे शब्दही बदलले. 'तयार आहे' असं कळल्यावर नवव्या मजल्यावरून लिफ्ट मिळेपर्यंत फेस बसून जातो. आता तुमच्या आधीचा कप सुरू झाला की 'निघा' असा संदेश येतो. काही फोन बॅटरी वाचवायला सूचना अडवतात, म्हणून काउंटरजवळच्या टीव्हीवरही टोकन झळकतं.

मीटिंगसाठी एकदम बारा कप मागवले, तर मात्र अजूनही दोन-तीन स्लॉट एका ऑर्डरीत जातात. म्हणून सध्या ॲपवर एका वेळी चारच कप देतो. त्याहून जास्त हवे असतील तर काउंटरला फोन करायचा.