ताई, ग्लेशियर आणि चाळीस मिनिटांचं अस्वल

ताई आणि मी आठवडाभराच्या बोटीच्या सफरीला निघालो ती अलास्कातल्या जूनोहून. जूनो ही राजधानी, पण तिथे रस्ता जात नाही. विमानाने या नाहीतर बोटीने. त्यात धुकं उतरलं की विमान घिरट्या घालून परत फिरतं. आमचं विमान उतरलं, ताईची बॅग मात्र उतरली नाही. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली आणि बोट त्याच संध्याकाळी सुटणार होती. एक दिवस आधी पोचलो होतो म्हणून निभावलं, नाहीतर ताई आठवडाभर माझ्या स्वेटरात फिरली असती. त्यामुळे एक रात्र जूनोत काढाच, आणि औषधं, रेनकोट, एक गरम जोड हातातल्या बॅगेत ठेवा. बोट कोणासाठी थांबत नाही.

आता मुळात छोटी बोट का, हे सांगते. मोठ्या क्रूझ बहुतेक परदेशी नोंदणीच्या असतात. १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळे त्यांना सिएटलहून निघून सिएटललाच परत यायचं असलं तरी मधे परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणजे बहुतेकदा कॅनडातलं व्हिक्टोरिया, आणि भारतीय पासपोर्टवाल्यांना कॅनडाच्या व्हिसाची भानगड. आमची साठ प्रवाशांची बोट अमेरिकन नोंदणीची होती. जूनोहून निघून अलास्कातल्याच सिटकाला संपली, कॅनडाचा प्रश्नच आला नाही. माणशी साधारण सहा हजार डॉलर पडले. ताईने आकडा ऐकून "एवढ्यात चारधाम दहादा होईल" असं म्हटलं होतं. खोलीत दोन पलंग, एक खिडकी आणि उभं राहून अंग पुसता येईल एवढीच न्हाणी. कॅसिनो नाही, पोहण्याचा तलाव नाही, बहुतेक दिवस फोनला रेंजही नाही. पैसे कसले मोजले ते ग्लेशियर बेच्या दिवशी कळलं.

या खाडीची गंमत अशी की ती नुसती बघायची नाही, वाचायची आहे. १७९४ साली जॉर्ज व्हँकुव्हर या ब्रिटिश दर्यावर्दीची माणसं इथून गेली तेव्हा खाडी जवळजवळ नव्हतीच. होती ती बर्फाची भिंत आणि किनाऱ्याला पडलेली छोटीशी खाच. १८७९ मध्ये जॉन म्यूर हा निसर्गअभ्यासक आला, तोवर बर्फ चाळीसेक मैल मागे सरला होता. आज टोकाला जायला पासष्ट मैल, म्हणजे शंभरेक किलोमीटर, आत जावं लागतं. सकाळी खाडीच्या तोंडाजवळच्या बार्टलेट कोव्हला इथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या रेंजरबाई बोटीवर चढल्या. त्यांनी सांगितलं, तोंडाशी उंच स्प्रूस आणि हेमलॉकचं शेवाळलेलं रान दिसेल, मग झाडं खुजी होत जातील, मग आल्डरची झुडपं, आणि शेवटी उघडा खडक. बर्फ जिथून आधी हटला तिथे रान जुनं, एवढाच हिशोब. विल्यम कूपर नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये इथे जमिनीचे छोटे चौकोन आखून हे रुजणं मोजायला सुरुवात केली. पुढे त्याच्याच खटपटीने १९२५ मध्ये या जागेला सरकारी संरक्षण मिळालं.

पण त्याआधी इथे माणसं राहत होती. हूना ट्लिंगिट लोकांची ही मूळ भूमी. अठराव्या शतकात बर्फ पुढे सरकला आणि त्यांना गावं सोडून पळावं लागलं. २०१६ मध्ये बार्टलेट कोव्हला त्यांचं मोठं लाकडी घर पुन्हा उभं राहिलं. तिथे अर्धा तास तरी काढा, आम्ही घाई केली.

मार्बल बेटांवर सी-लायनांचा कल्ला आणि वास दोन्ही बोटीपर्यंत येतात. त्यांच्यावरच्या कड्यात पफिन पक्षी होते, चोच अगदी भोंडल्यातल्या हत्तीसारखी रंगवलेली. दुर्बीण मात्र प्रत्येकाला स्वतःची हवी. आम्ही दोघींत एक नेली आणि पहिलं भांडण तिच्यावरूनच झालं.

दुपारी एका खोबणीत ओहोटी लागली होती. इथे भरती-ओहोटीत सात मीटरपर्यंत फरक पडतो, त्यामुळे किनारा एकदम रुंद होतो. तिथे एक तपकिरी अस्वल दगड उलटत होतं. पंजा घालायचं, दगड सहज पलटायचा, खालचं काहीतरी जिभेने उचलायचं आणि पुढच्या दगडाकडे वळायचं. त्याने एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही. कप्तानाने इंजिन मंद केलं आणि आम्ही चाळीस मिनिटं तिथेच तरंगत राहिलो. दगड ठेवल्याचा आवाजसुद्धा येत होता. दूर मधल्या पाण्यातून एक दहा-बारा मजली क्रूझ आपल्या वेळापत्रकाने निघून गेली. सहा हजार डॉलर या थांबण्याचे होते, हे ताईनेही मान्य केलं.

मार्जरी ग्लेशियरसमोर मात्र तिचा धीर सुटला. मैलभर रुंद निळी भिंत, आणि तासभर काही होईना. कडा कोसळण्याला इंग्रजीत वासरू होणं म्हणतात, हे मी तिला सांगून ठेवलं होतं. अखेर एक सुळका सुटला. आधी पडताना दिसला, अगदी मुकाट, आणि दोन सेकंदांनी गडगडाट आला. "व्याली एकदाची!" ताई ओरडली. पलीकडच्या अमेरिकन आजोबांनी टाळ्या वाजवल्या, काय ऐकून ते देव जाणे.

आम्ही जूनमध्ये गेलो म्हणून खाडीच्या जॉन्स हॉपकिन्स नावाच्या फाट्यात जाता आलं नाही. सीलच्या पिल्लांसाठी मे-जूनमध्ये तो सगळ्या बोटींना बंद असतो. तोच फाटा बघायचा असेल तर जुलैपासून पुढे जा. पण मे-जूनमध्ये पाऊस त्यातल्या त्यात कमी आणि जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड. पाऊस म्हणजे आपला कोसळणारा नव्हे, दिवसभर चालणारी बारीक भुरभुर. सिंहगडावर चालतं ते जर्किन इथे दुपारपर्यंत झिरपतं. वरची-खालची दोन्ही रेनसूट चांगल्यापैकी घ्या आणि हातमोजे दोन जोड, कारण एक जोड कायम ओला असतो.

कयाकमध्ये, म्हणजे वल्ह्यांच्या अरुंद होडीत, बसायला गुडघे कुरकुरत असतील तर किनाऱ्यावरून चढू नका. बोटीच्या मागच्या फळीवरून बसायचं म्हणून आधीच सांगा, खूपच सोपं जातं. ताई अडुसष्टाव्या वर्षी बसली. दहा मिनिटं आमची वल्ही एकमेकांवर आपटली, मग आम्ही वल्हवणं सोडून दिलं. तेव्हा ऐकू आलं, भोवतालचे बर्फाचे तुकडे तडतडत होते, मंद आचेवर मोहरी तडतडावी तसे. बर्फात शेकडो वर्षं कोंडलेली हवा सुटत असते.

हंपबॅक देवमासे चॅथम सामुद्रधुनीत दिसले. हवाईत हिवाळाभर जवळजवळ उपाशी राहून ते इथे खायला येतात. बुडबुड्यांचं जाळं करून एकत्र शिकार करतात ते मात्र आम्हाला दिसलं नाही. बोटीला त्यांच्यापासून शंभर यार्ड लांब राहावं लागतं, तेव्हा जाहिरातीतले फोटो डोक्यात ठेवून जाऊ नका. बोट हलली ती फक्त याच पट्ट्यात. उलटीची गोळी जेवणाआधी घ्या, मी नंतर घेतली.

शाकाहारी असल्याचं बुकिंगच्या वेळी आणि पुन्हा महिनाभर आधी कळवा. आम्ही एकदाच कळवलं, तर दोन दिवस पास्ता आणि उकडलेला ब्रोकोली. तिसऱ्या दिवशी ताईने खानसाम्याला मेतकूट दाखवलं आणि गुरगुट्या भाताचा अर्थ हातवाऱ्यांनी समजावला. उरलेले दिवस रात्रीच्या जेवणात आमच्यासाठी एक वाटी आसट भात असायचा. किनाऱ्यावर उतरताना मात्र खाण्याचं काहीही खिशात नको, अस्वलांचा मुलूख आहे. ताईच्या खिशात चिकी सापडली तेव्हा वाटाड्या मुलीने ती हसत हसत काढून घेतली आणि परत आल्यावर दिली. अर्धी.