नाव न घेतलेली पाहुणी

सम (जैसलमेरजवळचे वाळवंटी गाव), २७ डिसेंबर

शेकोटीभोवती गाणे रंगात आले असताना मांगणियार या पिढीजात गाणाऱ्या समाजातला गायक एकेका कुटुंबापाशी थांबून यजमानाचे नाव विचारत होता आणि ते गाण्यात गुंफत होता. सुरतच्या मोठ्या परिवारानंतर तो माझ्या खुर्चीपाशी आला, अदबीने मान लववली आणि पुढच्या जोडप्याकडे वळला. घडले ते एवढेच. तंबूत येऊन दोन्ही रजया अंगावर ओढून घेतल्या, तरी ते मनातून जात नाही. दुसरी रजई जिच्यासाठी होती, तिच्याविषयी आज लिहायचे नाही.

गाण्यात नाव यावे अशी हौस मला कधी नव्हती. लग्नघरी ‘नाव घे, नाव घे’ असा आग्रह सुरू झाला की मी हमखास आतल्या खोलीत जाऊन बसत असे. मग आजच का लागावे? दुपारी उंटवाल्यानेही खोगिरातल्या दुसऱ्या जागेकडे पाहत आणखी कोणी येणार आहे का, असे विचारले होते, परंतु ते मी हसून सोडून दिले. तेव्हा उंट मागच्या पायांवर आधी उठला आणि पुढे कोसळू नये म्हणून धडपडण्यातच मी गुंतले होते. जीपगाड्यांमुळे उंटांना आता कोण विचारतो, असेही तो म्हणाला. देशातले उंट २०१२ मध्ये सुमारे ४ लाख होते, ते २०१९ च्या पशुगणनेत अडीच लाखांवर आले. त्यावर मी त्याला काहीच बोलले नाही.

पुन्हा त्या गायकाकडेच येते. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या यजमानांच्या घरी जन्माला आणि लग्नाला गात आले, त्यांच्या पूर्वजांची नावे मुखोद्गत ठेवत आले. त्यांचे गाणे माणसाचे नसून घराचे असते, आणि एकट्या बाईच्या खुर्चीत त्याने घर शोधायचे तरी कुठे? हे सारे पटते. तरीही त्याने मान लववली ती सौजन्याने की कीव येऊन, हा प्रश्न सुटत नाही. नुसताच पुढे गेला असता, तर बरे झाले असते.

अर्थात ज्यांची ज्यांची नावे आली, त्या सर्वांना नोटा काढाव्या लागल्या. सुरतच्या आजोबांनी तर सगळ्या नातवंडांची नावे घालून घेतली आणि शेवटी सुनेकडे सुटे पैसे मागितले. माझी मात्र फुकटात सुटका झाली, आणि शेवटचे गाणे मी पाकीट न सांभाळता ऐकले, ते फार सुंदर होते.

सकाळी तो भेटला तर त्याला शंभर रुपये द्यावेत असे आता वाटते. नाव आपणहून सांगणार नाही. त्याने विचारलेच, तर आईचे सांगेन.