टेबलावरच्या सगळ्यांना संशयी कसं केलं : डीएम म्हणून माझा अनुभव

आमच्या ग्रुपची अडचण अशी होती की डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, डाइस टाकत टेबलावर गोष्ट खेळायचा खेळ, त्यात गोष्ट चालवणारा तो डीएम) खेळायला बसलो की पोरं कशालाच घाबरायची नाहीत. दार दिसलं की लाथ, पेटी दिसली की उघड, वाटेत अनोळखी म्हातारा भेटला की त्याला सगळा प्लॅन सांगून मोकळे. ह्या खेळाच्या फिफ्थ एडिशनमध्ये मरणं तसं पण अवघडच, हिट पॉइंट (पात्राचा उरलेला जीव) शून्यावर गेले तरी डेथ सेव्ह (डाइस टाकून वाचायची संधी) असतात, तेवढ्यात कुणीतरी हीलिंग वर्ड हा बरं करायचा मंत्र टाकतं आणि गडी उठून परत तलवार फिरवायला तयार. त्यामुळे मोठा राक्षस आणून काही उपयोग नव्हता, उलट मी जेवढा मोठा आणीन तेवढे हे खूष, आमचा फायटर (खऱ्या आयुष्यात कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर असतो) तर राक्षसाचं वर्णन संपायच्या आतच डाइस हातात घेऊन "येऊ दे की मर्दा" म्हणून तयार.

मग ठरवलं की ह्या पावसाळ्यातल्या कॅम्पेनला (बऱ्याच बैठकांत चालणारी एक गोष्ट) मारामारी कमी करायची आणि संशय लावायचा. कोण आपलं कोण परकं, कुठलं पाणी प्यायचं, कुठल्या दाराला हात लावायचा, सगळ्यातच.

सुरुवातीला एक गोष्ट केली ती सांगतो, कारण बरेच जण हे टाळतात. सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू करायच्या आधीच्या बैठकीला, चौघांना बसवून सांगितलं की ह्यावेळी मी चिठ्ठ्या देणार, एकमेकांपासून गोष्टी लपवणार, चालेल का? वकील साहेब (आमचा विझर्ड, म्हणजे जादूगार) लगेच म्हणाले की चालेल पण प्लेयर विरुद्ध प्लेयर मारामारी नको. क्लेरिक (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणारं पात्र) खेळणाऱ्या ताईंनी सांगितलं, "लहान पोरांना काय झालेलं मी ऐकणार नाही बघ, घरात दोन हाईत." ठीक. हे लिहून घेतलं आणि शेवटपर्यंत पाळलं. संशय कॅरेक्टरवर घ्यायचा असतो, माणसावर नाही, आणि ही हद्द आधी आखली नसेल तर रात्री घरी जाताना दोघं वेगवेगळ्या रस्त्याने जातात.

जागा शोधायला लांब जावं लागलं नाही. पन्हाळ्यावर वही घेऊन गेलो. लहानपणापासून कितीदा गेलोय पण डीएमच्या नजरेने बघितलं तेव्हा कळलं की लोक उगाच परदेशी नकाशे डाउनलोड करत बसतात. अंधारबाव बघा, वरून इमारत वाटते, आत तीन मजले, खाली विहीर, भिंतीत पहारेकऱ्यांना उभं राहायला कोनाडे आणि गडाबाहेर निघायच्या चोरवाटा. वेढा पडला की शत्रू पहिल्यांदा पाण्यात विष कालवतो म्हणून विहीर अशी झाकून बांधली असं सांगतात. आणि अंबरखाना, गंगा यमुना सरस्वती ह्या तीन कोठ्या, त्यातली गंगा सगळ्यात मोठी, पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं म्हणतात, आत सोळा खण आणि प्रत्येक खणाच्या घुमटाला वर भोक, तिथून धान्य ओतायचे. त्या भोकाखाली उभं राहून वर बघितलं आणि मनात आलं, इथून धान्याऐवजी दुसरं काय काय खाली येऊ शकतं.

गोष्ट पण तिथलीच सुचली, वेढ्यातला गड आणि आत एक सोंग घेतलेला. १६६० ला सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटले तेव्हा शिवा काशीद महाराजांच्या वेषात पालखीत बसले, हे आपल्याकडे शाळेतल्या पोराला पण माहीत असतं. त्या बलिदानाची मस्करी आपल्या खेळात नको म्हणून नावं गावं सगळी काल्पनिक घेतली. पण सोंग घेतलेला माणूस ही कल्पना कोल्हापूरच्या टेबलावर समजावून सांगावी लागत नाही. फक्त मी ती उलटी केली, आमच्या गडात सोंग घेतलेला होता तो शत्रूचा.

आता प्रत्यक्ष काम. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या शीटवरून (पात्राची माहिती असलेला कागद) पॅसिव्ह पर्सेप्शन, म्हणजे मुद्दाम न शोधता किती लक्षात येतं तो आकडा, वहीत उतरवून घेतला. दहा अधिक त्यांचा पर्सेप्शनचा मॉडिफायर (रोलमध्ये मिळवायचा आकडा), एवढं सोपं गणित, पण ह्याने काय होतं की "पर्सेप्शन रोल करा" म्हणावं लागत नाही. रोल करायला सांगितलं की प्लेयरला कळतं इथे काहीतरी आहे, आणि आकडा कमी आला की कळतं की आहे पण आपल्याला दिसलं नाही, मग लगेच दुसरा म्हणतो मी पण बघतो, तिसरा म्हणतो मी पण. त्यापेक्षा मी स्वतःच वहीत बघायचो, ज्याचा आकडा पुरतो त्याला चिठ्ठी. चिठ्ठी रिकामी कधी द्यायची नाही. एकदा रोगला (Rogue, चोरट्या चालीचं पात्र; खेळणारं कॉलेजचं पोरगं, मला दादा म्हणतो) चिठ्ठी दिली, त्यावर लिहिलं होतं, "हे वाच, मान हलव, खिशात ठेव, कुणी विचारलं तर खरं सांग." पोराने मान हलवली, खिशात ठेवली. फायटरने विचारलं काय होतं रे. त्याने खरंखुरं सांगितलं. कुणाचा म्हणजे कुणाचा विश्वास बसला नाही.

दुसरं म्हणजे पडद्यामागचे, पोरांना आकडा न दिसणारे रोल. लोक सांगतात उगाच डाइस टाका, हसा, काहीतरी लिहा, पोरं घाबरतात. घाबरतात, पण दोन सेशन. तिसऱ्याला वकील साहेबांनी सांगूनच टाकलं, "हा काय, ह्याचं चालूच असतंय." मग मी हसणं बंद केलं. प्रत्येक मुक्कामाला, प्रत्येक दारापाशी, प्रत्येक जेवणाला डब्याच्या स्टीलच्या झाकणात वीस बाजूंचा डाइस टाकायचा, टण्ण आवाज, आकडा बघायचा, वहीत मांडायचा, चेहरा कोरा. काही रोल खरे, काही पोकळ, पण आवाज एकच, चेहरा एकच. पोरांना वाचायला माझ्याकडे काही उरलंच नाही आणि तिथून खरी मजा सुरू झाली.

तिसरं, साधे प्रश्न. "दाराला हात कोण लावतंय? डावा का उजवा?" एवढंच. "कंदील कुणाच्या हातात आहे?" "झोपताना बूट काढताय का?" ह्यातलं एक पण खोटं नाही, धमकी नाही. मी एक नियम स्वतःला घालून घेतला होता की डीएम म्हणून टेबलावर जे बोलीन ते खरंच असणार, गडातली माणसं पाहिजे तेवढं खोटं बोलू देत. डीएमच खोटा पडला तर पोरं गडावर नाही, तुमच्यावर संशय घेतात, आणि मग खेळ संपला.

हे सगळं इतकं लागू पडलं की नवीनच पंचाईत झाली. धान्याच्या कोठीचं दार. साधं दार, कुलूप नाही, सापळा नाही, काही नाही. पण मी विचारलं की हात कोण लावतंय, आणि तिथून पुढे जवळजवळ अख्खी संध्याकाळ त्या दाराबाहेर गेली. दहा फुटी काठी बाहेर निघाली (हा खेळ १९७४ ला आला, ही काठी अजून सामानाच्या यादीत आहे, खेळातल्या पैशात पाच कॉपर फक्त), काठीने टोचून झालं, पीठ फुंकून झालं, डिटेक्ट मॅजिक (जादू ओळखायचा मंत्र) झालं ते पण रिच्युअलने, सावकाश विधी करून, म्हणजे स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी संधी) नको वाया जायला, फायटर म्हणाला मी दोरी बांधून लांबून ओढतो, रोग म्हणाला दोरी कुणाची आहे, आपल्याच पिशवीतली आहे का बघ. घाबरली होती पोरं, मान्य, पण खेळ जागच्या जागी. नुसता संशय माणसाला थिजवतो, हे टेबलावर दिसत होतं.

उपाय बाहेर पावसात सापडला. त्या आठवड्यात धो धो चालू होता आणि आपल्याकडे जुलैत सकाळी उठल्यावर माणूस चहाच्या आधी काय बघतो, राजाराम बंधाऱ्याची पातळी (पंचगंगेचा पूर ह्याच आकड्यावर बघतात). किती फूट किती इंच, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले का, सातातले किती. पाणी दारात नसतं, पण आकडा इंचा इंचाने चढतो आणि अख्खं शहर त्या आकड्यावर हालचाल करतं. म्हणलं हेच पाहिजे.

पुढच्या सेशनला राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवरच्या खोलीत व्हाइटबोर्ड टांगला आणि त्यावर लिहिलं, ३१ फूट. काय आहे ते सांगितलं नाही. पोरांनी मुक्काम केला, आकडा पुसून ३२ केला. एका कोठडीपाशी तासभर (गडातला तास) घोळ घातला, ३२ फूट ४ इंच. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचो, "चढतंय." पहिल्यांदा हसले, मग ताई म्हणाल्या, "ए, इशारा पातळी एकोणचाळीसच ना रं ह्याची पण?" मी काही बोललो नाही. खरं तर इशारा ३९ आणि धोका ४३ हेच मी वहीत धरलं होतं, पण कोल्हापूरकराला ते सांगावं लागतंय होय? त्यांनी त्यांचंच ठरवून टाकलं आणि दारापाशी काठ्या टोचायचं बंद झालं. भीती तीच, उलट जास्तच, पण आता उभं राहायची पण भीती वाटायला लागली. "लाव रे हात, चार इंच गेले!" असं फायटर स्वतः ओरडायला लागला.

आता सगळ्यात भारी प्रसंग, हा मी ठरवून केलेला नव्हता, नियमानेच हातात दिला. आकडा ३७ च्या पुढे गेला होता. पोरांचा संशय खानावळीच्या मालकावर, कारण तो रस्सा मोजून वाढायचा. खरंच सांगतो, एवढंच कारण. मी पहिल्या खानावळवाल्याला अगदी संशयास्पद गोड दाखवला होता, घ्या की लाजताय काय म्हणून वाटीवर वाटी ओततोय, तर त्याच्यावर कुणी बोट ठेवलं नाही, कोल्हापुरात रस्सा परत वाढणं ही रीतच. हा दुसरा बिचारा चिकट होता म्हणून हेर ठरला.

तर त्याला पकडून आणलं आणि क्लेरिकने झोन ऑफ ट्रुथ हा खरं बोलायला लावणारा मंत्र टाकला. पंधरा फुटांचा गोल, आत जो असेल त्याने करिश्मा सेव्ह (मंत्रातून सुटायला टाकायचा रोल) करायचा, फेल झाला तर जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही, आणि कोण फेल कोण पास हे टाकणाऱ्याला कळतं. खोली एवढीशी, आपली पोरं पण आतच. मी म्हणलं सगळ्यांचे सेव्ह मी पडद्यामागे घेतो. (बारकाईने वाचलं तर आत असेपर्यंत दर टर्नला परत सेव्ह लागतो, म्हणजे कधी ना कधी सगळे अडकतातच, पण आम्ही एकदाच घेतो, नाहीतर रात्र जाईल.) झाकणात टण्ण, टण्ण, टण्ण. मालक फेल. रोग फेल, विझर्ड फेल. फायटरला एकोणीस. वहीत लिहिलं आणि क्लेरिकच्या ताईंना चिठ्ठी दिली, "मालक अडकला. फायटर अडकला नाही. तो खोटं बोलू शकतो."

ताईंनी चिठ्ठी वाचली, घडी केली, आणि मालकाकडे न बघता फायटरला विचारलं, "काल पहाऱ्याला तूच होतास न्हवं?"

तो म्हणाला, "होतो की."

"एकटाच?"

"ताई, मला काय इचारताय? त्याला इचारा की!"

झालं. मालक हेर नव्हता हे पहिल्या दोन उत्तरांत कळलं, पण त्याच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. वकील साहेबांनी तर खुर्ची फिरवून उलटतपासणीच चालू केली, आणि फायटर जेवढा चिडून खरं सांगतोय तेवढा जास्त खोटा वाटतोय. मी एक शब्द बोललो नाही. बोर्डापाशी गेलो आणि चार इंच वाढवले.

खरा हेर कोण होता तर धान्य मोजून देणारा म्हातारा, पहिल्या सेशनपासून समोर. डॉपेलगँगर, म्हणजे दुसऱ्याचं रूप घेणारा प्राणी. पोरांनी त्याला कधी विचारात पण घेतला नाही कारण तो कायम मदतच करायचा. खूण मी पहिल्या दिवसापासून ठेवली होती, डॉपेलगँगरला साठ फुटातल्या एकाच्या मनातलं वरवरचं वाचता येतं, म्हणून हा म्हातारा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर द्यायचा. "आजोबा, दक्षिणेकडची कोठी..." "भरलेली हाय, कालच मोजली." दर वेळी. पोरांना वाटायचं मलाच घाई झालीय, सेशन लवकर आवरायचंय.

बोर्डवर ४१ फूट ८ इंच असताना रोग मधेच थांबला. त्याने म्हाताऱ्याला विचारायला तोंड उघडलं होतं, मी उत्तर देऊन मोकळा झालो होतो. पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं. म्हणालं, "दादा, मी अजून काही विचारलंच नाही." मग हळूच बाकीच्यांना, "ह्याने आजपर्यंत आपलं एक तरी वाक्य पूर्ण होऊ दिलंय का?" चौघं मागे जात जात सगळे प्रसंग आठवत बसले, आणि प्रत्येक आठवणीला एकेकाचं तोंड बघण्यासारखं. मारामारी नंतर झाली ती तीन राउंडात संपली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ४३ ला तो आतून दरवाजा उघडणार होता, तिथपर्यंत गेलंच नाही, थोडं वाईट वाटलं कारण त्याचा नकाशा मी मेहनतीने काढला होता.

कॅम्पेन संपल्यावर वडा-रस्सा खाताना सगळ्यांचा एकच धोशा, पडद्यामागचे कुठले रोल खरे होते आणि कुठले पोकळ, आणि वकील साहेबांनी तर वही जप्त करायची भाषा केली. फायटरला त्याचा एकोणीस खरा होता एवढं सांगितलं, ते पण त्याची ताईंशी बोलाचाली परत सुरू व्हावी म्हणून. बाकी काही सांगितलं नाही आणि सांगणार पण नाही, दिवाळीनंतर ह्याच चौघांना घेऊन परत बसायचंय, आणि झाकण तेच वापरणार आहे.