माळवदातलं बिऱ्हाड

शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यात रात्री माळवदाखालून फुसफुस ऐकू यायची. सगळ्यांनी नागच ठरवला! आज पक्षीमित्र शिडी लावून चढला, तर तुळईमागे गव्हाणी घुबडाची तीन पिल्लं. बदामी आकाराचे पांढरे चेहरे, अन् खाली घुबडांनी ओकलेले, न पचलेल्या हाडाकेसांचे काळपट गोळे. एक फोडला तर आत उंदराची अख्खी कवटी, दातांसकट.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "अपशकुन ओ, हाकला की!"

हाकलणार कसं? १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, शिवाय आईपासून तोडली तर पिल्लं उपाशी मरतील. साधारण दोन महिन्यांत उडतात. मग आत कुणी नाही हे बघूनच भोकाला जाळी मारायची. तोवर फुसफुस सोसायची. मावशींनी लिंबू-मिरची आणलीच.