एवढी लोकर कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्याकडे कपाट उघडं दिसलं की पाहुण्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. एवढी लोकर कशाला साठवता? आणि बाळांचे कपडे तर दोन महिन्यांत आखूड होतात, मग विणत बसण्यापेक्षा विकतचे का देत नाही? परवा एका बारशात तुमच्यापैकीच कुणीतरी पुन्हा विचारलं. तिथे पाळण्याच्या गडबडीत नीट सांगता आलं नाही, म्हणून आता सविस्तर सांगते.

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे: बाळाचा कपडा लहान असतो. सहा महिन्यांच्या बाळाच्या स्वेटरला फोर प्लाय (चार पदरी) लोकर साधारण 150 ग्रॅम लागते, टोपड्याला 30-40 ग्रॅम, मोज्यांच्या जोडीला त्याहूनही कमी. मोठ्यांच्या स्वेटरमधून उरलेल्या लोकरीच्या गुंडीचं पुन्हा मोठ्यांसाठी काही होत नाही. बाळासाठी मात्र तिचे मोजे होतात, टोपड्यावरचा पट्टा होतो, झबल्याची किनार होते. त्यामुळे माझ्याकडे उरलेलं कधी टाकाऊ नसतं. त्यासाठी पथ्य एकच, सगळी लोकर एका जाडीची घ्यायची. मी फोर प्लायच घेते, आणि विणते 10 नंबरच्या सुयांवर. कुठलाही रंग कुठल्याही रंगाला जोडता येतो तो यामुळे. निरनिराळ्या जाडीच्या सुंदर सुंदर गुंड्या आणून ठेवल्या, तर कपाट भरतं आणि हातात काहीच येत नाही.

साठ्याचं दुसरं कारण लॉट, म्हणजे एका वेळी रंगवलेली खेप. वेष्टनावर शेडचा नंबर असतो आणि जवळच लॉटचाही असतो. शेड तीच पण लॉट वेगळा असेल, तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली फरक कळत नाही. विणून झाल्यावर उन्हात धरलं की पाठीवर सरळ रेष दिसते, इथून पुढे दुसरा लॉट. महिन्याभराने त्याच दुकानात गेलात तरी तो लॉट मिळेलच असं नाही, म्हणून लागेल त्याहून एक गुंडी जास्तच घ्यावी. दोन लॉट जोडायची वेळ आलीच तर एकदम बदलू नका. काही अंतर दोन ओळी एका गुंडीच्या, दोन दुसरीच्या अशा घाला, म्हणजे रेष विरून जाते.

ही जास्तीची गुंडी मी वर्षभर तरी जपून ठेवते, आणि ‘दोन महिन्यांत आखूड होतं’ याचा इलाज तिच्यातच आहे. जन्मतः बाळाची लांबी साधारण 50 सेंमी असते, वर्षाचं होईतो 75च्या आसपास जाते. छाती त्या मानाने हळू भरते. म्हणजे स्वेटर घट्ट व्हायच्या आधी आखूड होतो. म्हणून मी गळ्यापासून सुरुवात करून खाली विणत येते. टाके बंद होतात ते खालच्या घेराला आणि मनगटाला, आणि बंद केलेली कड सरळ उसवते. पुढच्या थंडीत आई स्वेटर घेऊन येते, मी खालची पट्टी उसवते, टाके सुईवर घेते, चार बोटं अंग वाढवते, बाह्या वाढवते, पुन्हा पट्टी घालते. खालून वर विणलेल्या स्वेटरची सुरुवातीची कड अशी सहज उसवत नाही. विकतच्या स्वेटरमध्ये तर त्या लॉटचा धागाच आपल्याकडे नसतो.

गळ्याकडे मात्र नीट लक्ष द्या. नवजात बाळाचं डोकं साधारण 35 सेंमी घेराचं असतं, छाती त्याहून थोडी कमीच. छातीच्या मापाने गळा ठेवलात तर तो डोक्यातून जाणार नाही. खांद्यावर बटणं ठेवा किंवा सरळ पुढून उघडणारं विणा. बाळाला निजवूनच घालता येतं. गळ्याचे टाके 8 नंबरच्या सुईवर घातले की कड सैल राहते (आपल्याकडच्या सुयांचा आकडा जितका लहान, तितकी सुई जाड). दोन रंगांची नक्षी असेल तर आतल्या बाजूने लांब धागे सोडू नका. त्यात बाळाची बोटं अडकतात. मोज्यात सुटा धागा बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्तपुरवठा थांबू शकतो, म्हणून मोजे मी उलटे करून तपासल्याशिवाय देत नाही.

आणि काळी लोकर. बाळाच्या लोकरीत एवढा काळा रंग कशाला, हेही विचारतात. अहो, पहिली संक्रांत! बोरन्हाणाला काळं झबलं लागतं, आणि डिसेंबरात एकदम सगळ्यांना आठवण होते. काळ्यावर टाके दिसत नाहीत, म्हणून दिवसा खिडकीशी बसावं आणि मांडीवर पांढरा टॉवेल पसरावा. टाक्यांच्या फटींतून पांढरं दिसतं आणि सुलट-उलट लगेच कळतं. हलव्याचे दागिने घालायचे असतात, त्यामुळे जाळीची वीण नको. दागिने अडकतात.

आता लोकरीच्या प्रकाराचं. बाळाच्या नावाने मिळते ती बहुतेक लोकर ॲक्रिलिक असते. ती मऊ असते, मशीनमध्ये धुता येते, टोचत नाही. रोजच्या वापराला मी तीच घेते, कारण बाळंतिणीला हातधुलाई सांगणं बरं नाही. साधी शुद्ध लोकर मशीनमध्ये आटते, केसांवरचे खवले एकमेकांत अडकून नमद्यासारखी घट्ट होते. पण ज्या घरात अजून शेक-शेगडी, धुरी होते, तिथे ॲक्रिलिक देऊ नका. ते पेट घेतं, वितळतं आणि कातडीला चिकटतं. शुद्ध लोकर सहसा चटकन पेटत नाही. तिथे मेरिनो मेंढीची मऊ लोकरच विणावी. महाग पडते, तरी.

साठवताना डांबरगोळ्या अजिबात नकोत. जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांमध्ये डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलिनने तांबड्या पेशी फुटतात, कावीळ वाढते, आणि बाळाला ही कमतरता आहे हे घरच्यांना बहुधा ठाऊकच नसतं. नुसत्या गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळेही हे होतं. माझ्या सासूबाईंच्या पिढीत या गोळ्या प्रत्येक ट्रंकेत असायच्या. कसर शुद्ध लोकरीला लागते, स्वच्छ ॲक्रिलिकला सहसा लागत नाही. म्हणून शुद्ध लोकर वेगळी ठेवते. चांगली वाळवून, घट्ट बंद पिशवीत, आणि उन्हाळ्यात बाहेर काढून झटकते. मळ किंवा तेलाचा हात लागलेली लोकर आधी खाल्ली जाते, तेव्हा अर्धवट विणकामही पिशवीतच ठेवा.

तुमच्यापैकी काही जणी लोकर मागायला संकोच करता, तो करू नका. फक्त येताना बाळ थंडीत किती महिन्यांचं असेल ते सांगा. आज किती महिन्यांचं आहे ते नको. जुलैत जन्मलेल्या बाळाला जानेवारीत सहा महिन्यांचं माप लागतं, आणि त्यावरून लोकर मोजून देते.